बेबीचं हत्यारघर

माझ्या नणंदेचं नाव बेबी. पाळण्यातलं नाव वेगळं होतं म्हणतात, पण ते ठेवणाऱ्या आत्याबाई गेल्या आणि नावही त्यांच्याबरोबर गेलं. आधार कार्डावरसुद्धा बेबीच. आता साठी उलटली, केस पांढरे झाले, गुडघे कुरकुरायला लागले, तरी चाळीतली शेंबडी पोरं तिला 'बेबीमावशी' म्हणतात आणि कुणालाच हसू येत नाही. मला येतं. लग्न होऊन लालबागच्या मोरजकर चाळीत आले तेव्हापासून येतंय.

नणंद म्हटली की लोकांना वाटतं, आता ही बाई रडगाणं गाणार. तसं काही नाही. बेबीने मला कधी टोमणा मारला नाही, सासूबाईंचे कान भरले नाहीत, भावाला माझ्याविरुद्ध चढवलं नाही. तिचा त्रास वेगळा होता. तिचा त्रास लोखंडी होता.

आमची दोन खोल्यांची जागा. पलंगाखाली माणसं तांदळाचे डबे ठेवतात, लोणच्याच्या बरण्या ठेवतात. आमच्या पलंगाखाली ऐरण. ऐरणीच्या शेजारी कानशींचा गठ्ठा, करवत, चामडं कापायच्या रापी, आणि या सगळ्यांच्या पुढे सासऱ्यांची हिरवी पत्र्याची पेटी. सासरे मिलमध्ये फिटर होते. त्यांनी मुलाला कारकुनी शिकायला लावलं आणि हत्यारं शिकवली मुलीला, कारण मुलगाच हत्यार बघितलं की पळायचा. तो मुलगा म्हणजे आमचे हे, दौलत. अजून घरात खिळा ठोकायचा म्हटलं तर यांना शेजाऱ्यांकडे काहीतरी काम निघतं. आणि पाणी प्यायला उठावं तर त्या पेटीचा कोपरा माझ्या नडगीवर बसायचाच. माझी नडगी आणि ती पेटी एकमेकींना चांगल्या ओळखतात.

एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे सगळं त्यावरूनच झालं. गिरणगावात हत्यार म्हणजे पाना, पक्कड, हातोडी. 'हत्यारं आवर आणि जेवायला बस' असं आया सांगत आल्या आहेत. त्या शब्दाचा दुसरा काही अर्थ होतो हे आमच्या ध्यानीमनीही नसतं.

बेबी नोकरीला होती एका सरकारी इस्पितळाच्या कार्यशाळेत. तिथे ती पाय बनवायची. लाकडाचे, चामड्याचे, नंतर नंतर प्लास्टिकचे. लग्नासाठी स्थळं आली तेव्हा एकाच्या आईने विचारलं, "नोकरी कसली करते मुलगी?" बेबी म्हणाली, "पाय बनवते." त्यापुढे त्यांच्याकडच्या कुणी पोह्यांना हात लावला नाही. ते लोक गेल्यावर मी तिला विचारलं, वाईट वाटलं का गं? तर म्हणे, "वहिनी, पोहे मस्त झाले होते. मी खाल्ले ना त्यांचेपण." ती अशी. लग्न राहिलं ते राहिलंच.

मी एकदा तिचा डबा द्यायला तिच्या कार्यशाळेत गेले होते. एक रिक्षावाला नवीन पाय घेऊन बसला होता आणि बेबीला म्हणत होता, "ताई, पट्टा तुम्हीच बांधा ना." बेबी हात मागे घेऊन उभी. "पाय मी बनवला. पट्टा तू बांधायचा. मी काय रोज सकाळी तुझ्या घरी येणार आहे? ज्याची वस्तू, त्याचे हात." त्या माणसाला घाम फुटला, तीनदा पट्टा चुकला, पण चौथ्यांदा बसला. मग तो उभा राहिला आणि भिंतीपर्यंत जाऊन आला. बेबीचं तोंड असं फुललं होतं की मला वाटलं, हिला पोरं झाली असती तरी ही यापेक्षा खुश दिसली नसती.

सासूबाई जाताना त्यांनी मला जवळ बोलावून कमरेचा चांदीचा छल्ला दिला. किल्ल्या अडकवायचा छल्ला घरच्या सुनेला जातो, लेकीला नाही, ही रीत. आमच्या घरात कुलूप लागेल असं एकच कपाट आणि त्याचीही किल्ली हरवलेली. पण रीत ती रीत. बेबी शेजारीच उभी होती. मला जरा अवघडल्यासारखं झालं. ती हसून म्हणाली, "घाल गं वहिनी. माझ्याकडे कुलूप कुठाय?" मी तो छल्ला तेव्हापासून घालते. त्याचा आकडा सैल आहे, कधी डाळीत पडतो, कधी बादलीत. बेबी कितीदा म्हणाली, "दे, आवळून देते." मी दिला नाही. म्हटलं, सासूबाईंचा आहे, तुझ्या पकडीला लावायचा नाही.

बेबी रिटायर झाली आणि माझे हाल सुरू झाले. माणूस रिटायर होतो, हात होत नाहीत. तिने पंखा उघडला, मिक्सर उघडला, शेजारच्यांची बेल उघडली. मोरीच्या दाराची कडी इतकी घट्ट बसवली की दौलत आत अडकले आणि तिथूनच मालवणीत ओरडायला लागले. मग एका रविवारी तिने कुकरची शिट्टी उघडली. कुकर गॅसवर होता. आत भात होता. भात कुठे कुठे सापडला ते मी सांगत नाही, पण देव्हाऱ्यातल्या गणपतीच्या डोक्यावर अक्षता पडल्या एवढं खरं.

मी पदर खोचला आणि म्हटलं, "बेबी, एक तर पलंगाखाली तुझी हत्यारं राहतील, नाहीतर पलंगावर मी!"

दौलत पेपरच्या आडून म्हणाले, "माका मधी घेव नकात."

दुसऱ्या दिवशी सकाळी बेबीने चहा घेतला, केस बांधले आणि खाली बाबुरावांकडे गेली.

बाबुराव तावडे आमच्या चाळीच्या कमिटीचे अध्यक्ष. माणूस वाईट नाही, पण प्रत्येक वाक्य भाषणासारखं बोलतो. तळमजल्यावर चाळीची व्यायामशाळा आहे. तरुणपणी बाबुराव तिथे मल्लखांब करायचे. आता पोरं एसी जिममध्ये जातात आणि व्यायामशाळेला कुलूप. एका केटररने त्याची मोठाली टोपं ठेवायला ती मागितली होती आणि बाबुराव जवळजवळ हो म्हणाले होते.

"बाबुराव, व्यायामशाळा मला द्या," बेबी म्हणाली. मी मागेच उभी होते, उगाच कान टवकारून.

"तुम्ही व्यायाम करणार बेबीताई?"

"हातांचा. कोणालाही काही बनवायचं असेल, मोडलेलं जोडायचं असेल, त्याने यायचं. हत्यारं सगळ्यांची, जागा सगळ्यांची. बनवायचं ज्याचं त्याने."

"अहो, पितृपक्ष चालू आहे. नवीन काम कोण काढतं?"

"पितरांचंच काम आहे. चाळीतल्या प्रत्येक माळ्यावर कुणाच्या तरी बापाची हत्यारं गंजतायत."

यावर बाबुराव घसा खाकरून अध्यक्षांच्या आवाजात आले. "ठीक आहे. दसऱ्यापर्यंत वापरा. चाळीला ही खोली खरंच हवी असेल तर राहील. नसेल, तर दसऱ्यानंतर केटररचा टेम्पो येईल. मी एकट्या माणसाच्या हौसेला चाळीची जागा देऊ शकत नाही."

बेबी त्याच दिवशी कामाला लागली. जळमटं काढली, दोन दरवाज्यांचं टेबल केलं, पलंगाखालचं सगळं खाली नेलं. ऐरण न्यायला चौघं लागले. पलंगाखाली मी झाडू फिरवला, तांदळाचे डबे ओळीने मांडले आणि सुटकेचा निःश्वास टाकला. खरं म्हणजे मला काय, खोली राहो की जावो. पण तिने फळकुटावर खडूने 'हत्यारघर' लिहून दारावर लावलं आणि लांबून बघत उभी राहिली, तेव्हा तिच्या तोंडावर तोच आनंद होता, रिक्षावाला भिंतीपर्यंत चालत गेला तेव्हाचा. मी मनात म्हटलं, देवा, हे हिला मिळू दे.

पण लोक ते लोक. त्यांना वाटलं, फुकट रिपेअरिंगचं दुकान निघालं. दुसऱ्या मजल्यावरच्या रमाबाई मिक्सर घेऊन आल्या. "संध्याकाळपर्यंत दे गो करून, मसाला वाटूचो हा."

बेबीने त्यांच्या हातात स्क्रूड्रायव्हर दिला.

"मी करू?"

"मिक्सर कोणाचा?"

"माझो."

"मग? ज्याची वस्तू, त्याचे हात."

रमाबाई मिक्सर उचलून परत गेल्या आणि गॅलरीभर सांगत सुटल्या की रिटायर झाल्यापासून बेबीचं डोकं फिरलंय. त्यानंतर मिक्सर यायचे थांबले. माणसंही.

दोन जण मात्र चिकटले. एक तळमजल्यावरची जुई, कॉलेजात जाणारी. तिला एक लाकडी पेटी बनवायची होती, जिच्यावर बसायचं आणि तीच वाजवायची. ऑनलाइन बघितली म्हणे. "मावशी, आपण बनवू ना! सही होईल!" त्या पेटीने पुढे आमच्या दुपारच्या झोपा उडवल्या. आणि दुसरे चिंतामणी. हे माटुंग्याचे, विमा कंपनीतून निवृत्त. यांच्या धाकट्या भावाचा पाय बेबीने बनवला होता, तेव्हापासूनची ओळख. यांना लाकडाची छोटी गलबतं बनवायचा नाद. घरात भुसा पडतो म्हणून बायकोने गलबतांना बंदी केली होती, तेव्हा हे पिशवीत जहाज घेऊन बसने लालबागला यायचे. बोलणं एकदम पुस्तकी. पहिल्याच दिवशी मला विचारलं, "सुभद्राताई, आपल्याकडे सरस आहे का?"

मी म्हटलं, "आमच्याकडे सगळंच सरस आहे. तुम्हाला काय हवंय?"

ते बिचारे गोंधळले. डिंकाचा भाऊ हवा होता त्यांना, लाकूड चिकटवायला. बेबी हसून हसून टेबलावर आडवी झाली.

बाबुराव रोज खिडकीतून डोकवायचे आणि मोठ्याने मोजायचे. "दोन. त्यातला एक माटुंग्याचा."

बेबी मग दारोदार गेली. म्हणाली, मिक्सर नको तर नको, माळ्यावरची हत्यारं तरी द्या. इथे एक करवत आहे आणि दोघांना एकाच वेळी लागते. सगळीकडे एकच उत्तर. "बाबांची आठवण आहे गं, बेबी." "अप्पांच्या पेटीला आम्ही हात लावत नाही." ज्या अप्पांच्या पेटीला कुणी हात लावत नव्हतं तिच्यातून उंदीर बाहेर पडताना मी स्वतः बघितलाय.

नवरात्र बसलं, घट बसले. अष्टमीच्या दुपारी बघते तर बेबी हत्यारघराच्या पायरीवर बसलेली. हात मांडीवर नुसते. मिरची कुटणाऱ्या गल्लीतून तिखटाचा खाट येत होता, जुई आत शिंकत शिंकत फळी तासत होती, आणि बेबी रस्त्याकडे बघत होती.

"वहिनी, माणसं एकवेळ बापाचं नाव देतील, बापाचा पाना नाही देणार," ती म्हणाली. "टेम्पो येणार. तुझ्या पलंगाखाली परत जागा कर."

कुकर उघडणारी बेबी परवडली, पण हात सोडून बसलेली बेबी मला बघवेना. मी म्हटलं, "पलंगाखाली तांदूळ आहेत. तिथे जागा नाही. तेव्हा खोली इथेच राहिली पाहिजे," आणि वर निघून आले.

वर आल्यावर मला एक आठवलं. नवीन नवरी होते तेव्हा दसऱ्याला सासरे मला मिल बघायला घेऊन गेले होते. मशीनना झेंडूच्या माळा, पान्यांना कुंकू, फरशीवर रांगोळी. सासरे म्हणाले होते, खंडेनवमीला हत्यार पूजेला लावलं की दसऱ्याची पूजा होईपर्यंत उचलायचं नाही, त्यालाही सुट्टी असते. मी कपाळावर हात मारला. बेबी हत्यार मागत होती म्हणून लोक देत नव्हते. देवाला मागितलं असतं तर कोण नाही म्हणालं असतं? आणि एकदा खाली आलं की दसऱ्यापर्यंत तरी तिथेच राहील.

मी लगेच चाळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं. लिहिलं ते असं:

'उद्या खंडेनवमी. सकाळी प्रत्येक घरातून एक माणूस हत्यार घेऊन खाली हजर पाहिजे. वर्षानुवर्षं माळ्यावर लपवून ठेवलेली हत्यारं बाहेर काढा. तेलपाणी करून आणा. एकही घर सुटता कामा नये. मोरजकर चाळ काय चीज आहे ते यंदा बाबुरावांना दाखवून देऊ. सुभद्रा.'

यात माझं काय चुकलं ते मला अजून कळलेलं नाही.

सकाळी आम्ही पाट मांडले, त्यावर लाल कापड. बेबीने सासऱ्यांच्या पेटीतली हत्यारं पुसून ठेवली. मी माझी विळी ठेवली. आयुष्यभर तीच तर चालवली. जुईने झेंडूचं तोरण लावलं. चिंतामणी धोतर नेसून आले होते. दौलत घंटा घेऊन उभे, कारण घंटा हे एकच हत्यार त्यांना चालवता येतं. आणि बाकी चाळ? सगळे आपापल्या गॅलरीत उभे राहून दुसरं कोण उतरतं ते बघत होते. चाळीत हे असंच असतं, पहिला कोणी व्हायचं नाही.

तेवढ्यात गेटाशी पोलिसांची जीप थांबली.

माझा मेसेज कुणी कुणाला पाठवला, त्याने पुढे कुणाला पाठवला, ते देव जाणे. जीपमधून एक तिशीतली सब-इन्स्पेक्टर उतरली, छातीवर पट्टी 'संघमित्रा जाधव', मागे एक हवालदार. "अगो, पोलीस इले!" दौलत म्हणाले आणि घंटा पाठीमागे लपवली.

"सुभद्रा कोण?" तिने विचारलं.

"मी."

तिने फोन काढला आणि माझा मेसेज सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला. तिच्या आवाजात तो जरा वेगळाच वाटला हे कबूल. "हे तुम्ही लिहिलंय?"

"हो. शुद्धलेखन चुकलंय का?"

"आजी, हत्यारं कुठे आहेत?"

मी पाटाकडे बोट दाखवलं. ती आत आली. तिने बघितलं: पाने, पकडी, करवत, रंधा, चिंतामणींची इवलीशी कानस, माझी विळी, सगळ्यांवर हळदकुंकू आणि एकेक झेंडू. हवालदाराने आधी टोपी काढली, मग चपापून परत घातली.

एव्हाना अख्खी चाळ खाली उतरली होती. पूजेला न येणारी माणसं पोलीस आल्यावर मात्र येतात. पण गंमत बघा, प्रत्येकाच्या हातात काहीतरी होतं. मेसेज सगळ्यांनी वाचला होता, माळे सगळ्यांनी उपसले होते, हत्यारांना तेल लावून सगळे तयार होते. फक्त उतरायला कारण हवं होतं. रमाबाईंच्या हातात त्यांच्या सासऱ्यांचं, लाकडाला भोकं पाडायचं गिरमिट होतं. त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या.

"आणि बाबुराव कोण? त्यांना काय दाखवून देणार होतात?"

गर्दी बाजूला झाली. मागे बाबुराव उभे होते, छातीशी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी हातभर लांब धरून. हवालदार पुढे सरकला. "काय आहे त्यात?"

"हत्यार," बाबुराव म्हणाले. तोंडाची सवय, दुसरं काय.

"उघडा."

बाबुरावांनी कागद काढला. आत भलामोठा पाना. तेल लावून चकचकीत, आणि त्याच्यावर घरूनच कुंकू लावून आणलेलं. बाबुराव इतके लाजले की मला त्यांची दया आली. "वडिलांचा आहे," ते म्हणाले. भाषणाचा आवाज कुठल्या कुठे गेला होता. "फिटर होते. बेबीताईंच्या वडिलांबरोबर एकाच खात्यात."

संघमित्राबाईंनी त्यांना पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "म्हणजे तुम्हीपण यांच्यातलेच?"

बेबीने माझा हात धरला. बाबुरावांनी एकदा खोलीकडे बघितलं, मल्लखांबाला लावलेल्या झेंडूच्या माळेकडे बघितलं.

"हो मॅडम," ते म्हणाले. "मी यांच्यातलाच. खोली चाळीची आहे आणि हत्यारं आमच्या सगळ्यांची आहेत."

पहिल्यांदा कोण हसलं माहीत नाही. बहुतेक ती पोलीसबाईच. मग हवालदार, मग जुई, मग अख्खी चाळ. दौलतनी घंटा बाहेर काढून अशी वाजवली की आरतीलाही कधी वाजवली नव्हती. एकेक जण पुढे येऊन पाटावर हत्यार ठेवायला लागला. बेबी प्रत्येकाला विचारायची, "कुणाचं?" आणि प्रत्येक जण बापाचं, आजोबांचं पूर्ण नाव सांगायचा, खात्यासकट. जुई ते मोबाईलमध्ये टिपत होती.

"आजी," संघमित्राबाई मला म्हणाल्या, "पुढच्या वेळी 'अवजारं' लिहा."

"अवजारं शेतात असतात हो. आमच्याकडे हत्यारंच."

त्या जायला वळल्या तोच बेबी म्हणाली, "मॅडम, डाव्या बुटाचा तळ सुटलाय तुमचा."

"तुम्हाला कसं कळलं?"

"चालताना दोन आवाज येतात. जन्मभर लोकांची चाल ऐकलीय मी." आणि तिने आपल्या पिशवीतून चामडं शिवायची आरी आणि दोरा काढला. ती आरी अजून पूजेला लागायची होती, म्हणून चाललं.

"शिवून देता?"

सगळी चाळ एका सुरात ओरडली, "ज्याची वस्तू, त्याचे हात!" त्यात रमाबाईंचा आवाज सगळ्यात मोठा. पोलीसबाई जुईच्या अर्धवट पेटीवर बसल्या आणि जीभ दाताखाली धरून बूट शिवायला लागल्या. टाके वाकडे पडले, पण पक्के पडले. हवालदाराने तोवर तीनदा प्रसाद घेतला.

दसऱ्याच्या सकाळी पूजा उतरवली. आता हत्यारं उचलायला हरकत नव्हती, म्हणजे लोक घेऊन जाणार. बाबुराव 'आमच्या सगळ्यांची' म्हणाले खरे, पण पोलिसांसमोर माणूस काहीही म्हणतो. बेबीला रात्री झोप लागली नव्हती. तिने आणि जुईने एक मोठी प्लायवूडची फळी भिंतीला लावली होती. पाटावरच्या हत्यारांना हात न लावता नुसती मापं घेऊन तिच्यावर खडूने प्रत्येकाची आकृती काढली होती, तिथे माझ्या बत्त्याने खिळे मारले होते, आणि प्रत्येक आकृतीखाली नाव लिहिलं होतं. हत्यारं मात्र पाटावर तशीच.

"माणसं बापाचं नाव देतात ना," बेबी मला म्हणाली. "मग आधी नावच लावलं. बघू."

बाबुराव आपट्याची पानं घेऊन आले. "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा," म्हणत सगळ्यांना पानं दिली. मग पाटावरचा पाना उचलला आणि दाराकडे वळले. वळताना त्यांना फळी दिसली. पान्याची मोकळी आकृती, आणि खाली: 'गणपत सखाराम तावडे, फिटर.' त्यांनी थांबून एकेक अक्षर वाचलं. मागे रांग थांबली. मग त्यांनी हात वर केला आणि पाना त्या दोन खिळ्यांवर टेकवला. तंतोतंत बसला.

"घरी माळ्यावर होते," ते म्हणाले. "इथे बरे दिसतात."

त्यानंतर कुणीच काही नेलं नाही. रमाबाईंनी सासऱ्यांचं गिरमिट लावलं आणि नाव नीट वाचता यावं म्हणून जुईकडून 'रा'चा काना पुन्हा ठळक करून घेतला. नेलं ते फक्त मी, माझी विळी. दसऱ्याचं जेवण कुणाच्या बापाने केलं असतं?

विळी घेऊन निघाले तर दारात बाबुराव बेबीला किल्ली देत होते. मोठी पितळी किल्ली, व्यायामशाळेची. "केटररला कळवलंय," ते म्हणाले, "टोपं दुसरीकडे ठेव."

बेबीने ती दोन्ही हातांत घेतली. तिच्या ड्रेसला खिसा नव्हता. ती किल्ली कधी या हातात धरायची, कधी त्या. जन्मभर भावाच्या घरात राहिली, कधी तक्रार केली नाही, पण स्वतःचं म्हणून उघडायचं एकही दार तिला कधी नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि कशाला लपवू, चांगलं घळाघळा आलं. मी विळी खाली ठेवली आणि कमरेचा छल्ला काढला.

"हे काय वहिनी? हा घरच्या सुनेचा."

"घरच्या बाईचा. माझ्याकडे कुलूप कुठाय, म्हणाली होतीस ना? आता आहे."

मीच ती किल्ली छल्ल्यात घातली आणि छल्ला तिच्या ओढणीला अडकवला. त्यानेही वेळ साधली. आकडा सुटला आणि छल्ला किल्लीसकट खण्णकन फरशीवर पडला.

बेबीने डोळे पुसले, छल्ला उचलला, आकडा निरखून बघितला. "वहिनी, हा सैल झालाय गं."

"वस्तू कोणाची?" मी विचारलं.

"माझी," बेबी म्हणाली, आणि तिने भिंतीवरून वडिलांची पक्कड काढली.